गाडीतलं मीठ

आज सकाळी दार उघडलं तर गाडीच्या सीटवर दहिवर पडलेलं होतं. बोटानं रेघ ओढली, तर गारठा थेट कोपरापर्यंत चढला. टाकीवर, आरशांवर, हँडलच्या दांडीवर मोहरीएवढे थेंब बसले होते, आणि समोरच्या गल्लीत कुणीतरी पेटवलेल्या शेकोटीचा धूर त्यांच्यावरून हळूच सरकत होता. मी आतून जुनी बनियन आणली आणि उकिडवा बसून गाडी पुसायला लागलो. थंडी आल्याचं दुसऱ्यांना स्वेटरवरून कळत असेल, हुरड्यावरून कळत असेल. मला या बनियनीवरून कळतं.

नुसत्या दहिवरानं लोखंडाचं फार बिघडत नाही. ऊन वर आलं की ते उडून जातं. पण या गाडीच्या अंगात मीठ आहे. सांध्यांत, नटांच्या खाली, पत्र्याच्या दुमडीत कुठंकुठं बसलेलं. कोरड्या दिवसांत ते निमूट असतं. ओल लागली की खायला लागतं.

ही गाडी घेतली ती समुद्राकाठी. सुजाता आणि मी दोघंही इकडचेच. मी अनसिंगचा, ती किन्हीराजाची. पण मास्तरकी लागली ती पार सिंधुदुर्गात. आमच्याकडच्या कितीतरी पोरांच्या नोकऱ्या अशाच तिकडं लागल्या. लग्न झालं तेव्हा आम्ही एकाच तालुक्यातल्या दोन शाळांवर होतो, आणि खाडीच्या काठी भाड्याच्या घरात राहायचो. तिथं लोखंडाचं काही खरं नसतं. शाळेच्या फाटकाची बिजागरी गळून पडली, खिडकीचे गज हाताला खपल्यांसारखे लागायचे. हिवाळ्यात पाऊस नसला तरी वारा असायचाच, आणि शाळेतून घरी आल्यावर ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागायचं. पहिल्या वर्षी गाडीचे स्पोक तांबूस झाले, तेव्हा मी हादरलोच. मग शिकत गेलो. दर रविवारी विहिरीच्या गोड्या पाण्यानं धुवायची, सावलीत कोरडी करायची, चेन घासलेटानं पुसून तिला तेल द्यायचं, नटांवर ग्रीस चोपडायचं. पोटाखालच्या भागाला ब्रशनं इंजिनाचं जुनं तेल लावायचं. आणि काही झालं तरी प्लास्टिकचा कागद पांघरायचा नाही, त्याच्या आत ओल कोंडते.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा मी जिल्हा बदलून मागितला. धाकटा भाऊ होता त्यांच्याजवळ, पण अप्पा फोनवर एकच विचारायचे, "तू कधी येतं?" सगळे म्हणाले, एक जण आधी जा, मग दुसऱ्याची बदली जोडपं म्हणून लवकर होते. सुजाताही म्हणाली, "जा तुमी. मी आन् मैत्री येतो मागून." मैत्री आमची मुलगी. तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.

उन्हाळ्यात नागपूरकडं आंबे घेऊन जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं गाडी पेट्यांच्या मागं उभी करून घेतली. कारंजा गावापाशी ती उतरवली तेव्हा तिला भाताच्या पेंढ्याचा आणि पिकल्या हापूसचा वास येत होता. तो वास पावसाळ्यापर्यंत सीटमध्ये टिकला. मीठ मात्र टिकूनच राहिलं.

मला शाळा मिळाली मानोरा गावाच्या बाजूला, बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरची. अनसिंगहून रोज येणं-जाणं जमणारं नव्हतं, म्हणून मानोऱ्यात खोली घेतली. जिल्हा आपला, बोली आपली, बाजारात "काय मास्तर, कुकडे" म्हणून हाक मारणारी माणसं आपली, आणि राहायला भाड्याची खोली. शनिवारी दुपारी अनसिंगला जायचो. अप्पा माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "बारीक झाला." रविवारी संध्याकाळी परत.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, तो इकडं आल्यानंतरचा पहिलाच. खोलीत एक खाट, एक गॅस, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दाराशी गाडी. एकट्या माणसाला स्वयंपाकाचा अंदाज येत नाही. सोल्यांची भाजी केली की ती सकाळी, संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी. तुरीचे ते हिरवे दाणे सोलताना तास जायचा, त्यासाठीच खरं तर मी शेंगा आणायचो. बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की पांढरे डाग उमटायचे. मग नळ आला की एक बादली तिच्यासाठी बाजूला ठेवायचो. घरमालकीण एकदा म्हणाली, "सर, तुमी गाडीले पाणी ठेवता, सोताले भांडंभर ठेवता." ती हसली, मीही हसलो. बादली ठेवायची काही सोडली नाही.

सकाळी निघायचो तेव्हा शिवारावर धुकं असायचं. कानटोपी, त्यावर हेल्मेट, हातांत लोकरी मोजे, तरी बोटं क्लचवर लाकडासारखी व्हायची. डांबरी रस्ता सोडला की पुढं हरभरा लागायचा. तांड्याची वाट त्याच्यामधून जायची. हरभरा फुलावर आला की पानांवर आंब धरते, जीभ लावली तर आंबट लागणारी. पहाटेच्या ओलीत ती जास्तच झोंबरी होते. ओली झाडं दोन्ही बाजूंनी चाकांना, चेनला, माझ्या पोटऱ्यांना घासायची. बुटांचं चामडं पांढरं पडलं. एक शेतकरी राखणीच्या मचाणावरून उतरत मला म्हणाला होता, "मास्तर, गाडी धुऊन घेत जा. ही आंब समद्याले खाते." मी मान हलवली. समुद्रापासून लांब आलो, तर इथं झाडांच्या पानांतूनच खार निघत होता.

तांडा दिवाळीनंतर रिकामा झाला होता. माणसं ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडं गेली होती, पोरांना, भांड्यांना, कोंबड्यांना घेऊन. दारांपुढं काट्याच्या फांद्या ओढून ठेवलेल्या. शाळेत आजीजवळ राहिलेली मोजकी पोरं. सोबतचे शिक्षक आणि मी त्यांना एकाच खोलीत उन्हाच्या पट्ट्यात बसवायचो. प्रार्थना म्हटली की आवाज रिकाम्या घरांवर आपटून परत यायचा.

झमकूयाडी रोज माझ्याआधी शाळेच्या पायरीवर बसलेली असायची. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा. तिचा मुलगा प्रकाश आणि सून ऊसतोडीला गेलेले, ती दोन शेळ्यांबरोबर मागं राहिलेली. तिच्या घरात लाइट नव्हती, म्हणून ती फोन चार्जिंगला लावायला शाळेत यायची. तिचा तो बटणांचा फोन आणि माझा फोन खिडकीतल्या एकाच बोर्डावर शेजारी शेजारी लागलेले असायचे. रेंजही तिथंच, पायरीजवळच्या लिंबाखाली. मधल्या सुट्टीत मी तिला नंबर लावून द्यायचो. ती फोन कानाला घट्ट दाबून त्यांच्या बोलीत ओरडून बोलायची. मला त्यातलं फार कळायचं नाही, पण पहिला प्रश्न जेवणाचा असायचा हे कळायचं. तिचं झालं की मी थोडा लांब जाऊन सुजाताला लावायचो. माझाही पहिला प्रश्न तोच.

दर दोन-चार दिवसांनी ती मला विचारायची, "तुयी बायको काहून नाई आली रे अजून?"

"बदली व्हायची आहे तिची, याडी."

"मंग येईन."

"हो, येईल."

हे बोलणं आम्हा दोघांनाही पाठ झालं होतं. तरी ती विचारायची तेव्हा बरं वाटायचं. दिवसभरात सुजाताचं नाव घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी ती पायरीवर नव्हती. शेळ्या ओरडत होत्या. त्या अजून खुंट्याला बांधलेल्याच होत्या, म्हणून मी तिच्या घराकडं गेलो. ती गोधडीत मुरगळून पडली होती. अंग तव्यासारखं, आणि प्रत्येक श्वासाला छातीत घरघर. मला पाहून म्हणाली, "शेळ्या सोड." एवढंच.

रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन लांब गेली होती, परत यायला वेळ लागणार होता. तांड्यावर दुसरं वाहन नव्हतं. सोबतचे शिक्षक म्हणाले, "सर, तुमी निघा, मी पोरांपाशी थांबतो." आम्ही दोघांनी तिला उचलून गाडीवर एका बाजूनं बसवलं आणि तिच्याच ओढणीनं माझ्या कमरेला बांधलं. वजन असं नव्हतंच. पाठीला मात्र तिचा ताप स्वेटरमधून लागत होता.

धुकं अजून उठलं नव्हतं. हरभऱ्याची वाट संपायच्या आत एका खड्ड्यात मागचं चाक आदळलं, आणि खटकन आवाज झाला. पाठीवरचा भार एकदम डावीकडं खाली गेला. मी दोन्ही पाय टेकवून गाडी कशीबशी थांबवली. ओढणी माझ्या पोटात रुतली होती आणि तिच्या आधारानं याडी अर्धी लोंबकळत होती. तिचे पाय ज्यावर टेकले होते ते मागचं पायदान मुळातूनच तुटून वाटेत पडलं होतं.

तिला सरळ करताना मी विचारत होतो, "लागलं काय? याडी, कुठं लागलं?"

ती डोळे मिटूनच म्हणाली, "गाडी मोडली काय?"

"नाही. पाय ठेवायचं तेवढं मोडलं."

"मंग चाल."

मी तिला दोन्हीकडं पाय टाकून बसवलं. उजवा पाय उजव्या पायदानावर राहिला. डावा ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो माझ्या बुटावर ठेवायला सांगितला. त्या पायानंच गिअर बदलायचा असतो, तेव्हा बदलायचाच नाही असं ठरवलं आणि मानोऱ्यापर्यंत दुसऱ्या गिअरवर गेलो. इंजिन रडत होतं. तिच्या पायातलं चांदीचं कडं माझ्या घोट्याला गार लागत होतं. ती गप्प झाली की मी हाक मारायचो, "याडी." ती हुंकार द्यायची. तो यायला उशीर झाला की पुन्हा, आणखी मोठ्यानं हाक मारायचो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब रस्ता कुठला असं कुणी विचारलं, तर मी कोकणातून इकडं आलो तो रस्ता सांगणार नाही. हा सांगेन.

दवाखान्यात न्युमोनिया निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी राहिली असती तर हाताबाहेर गेलं असतं. सिस्टरनं विचारलं, "जवळचं कोण हाय हिचं?" मी म्हटलं, "सध्या मीच." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सलाईनची बाटली अडकवायला माझ्या हातात दिली.

प्रकाशला फोन लावला. मागं कोयत्यांचा आवाज येत होता, बैलगाडीचा येत होता. आई शुद्धीवर आहे का, तेवढं त्यानं विचारलं. मग म्हणाला, "सर, टोळी सोडून मले निंगता येत नाई. तुमी हाय नं तिथं?"

"आहे."

"मंग मी रोज फोन करतो." आणि आवाज फाटला म्हणून त्यानं फोन ठेवून दिला.

संध्याकाळी उतरती उन्हं व्हरांड्यात आली होती. याडीची खाट खिडकीला लागूनच होती. मी बाहेर खिडकीशी उभा राहून सुजाताला फोन केला.

"दुपारी काहून नाई केला फोन?" ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हातारीनं काही खाल्लं का, तुम्हाला कुठं लागलं का, विचारलं.

"मी सांगणार होते तुमाले," ती म्हणाली. "यंदा मी बदली मागितली नाई."

"राहून गेलं काय?"

"नाई. मागितलीच नाई." तिचा आवाज स्वच्छ होता. रडून झाल्यावर असतो तसा. "मैत्रीची शाळा हाय, तिच्या मैत्रिणी हायेत. ते एक. पण खोटं कायले बोलू? मले इथं बरं वाटते. सकाळी शाळेत जाते त लेकरं बांधावर येऊन उभी राह्यतात. एवढी वर्षं मी इथं पाहुणी म्हणून राह्यली. आता नाई वाटत तसं."

"आन् मी?"

"तुमी या नं वापस."

"अप्पाले सोडून?"

तिच्या बोलण्यात एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि माझ्याही नव्हता. भांडायला तरी काहीतरी हातात लागतं.

"रागावले काय?"

"नाही."

"मंग बोला नं."

"बोलतो," म्हटलं. तिच्याकडून भांडी लावल्याचा आवाज येत होता. मैत्री मोठ्यानं पाढे म्हणत होती. ते मी शेवटपर्यंत ऐकले. मग सुजातानं फोन ठेवला.

आत गेलो तर याडी जागी होती. खिडकी उघडीच होती. तिनं हळूहळू पाय जवळ ओढून घेतले, पायथ्याशी जागा केली आणि म्हणाली, "बस." मी बसलो. ती दवाखान्यात होती त्या पुढच्या दोन्ही संध्याकाळी मी तिथंच बसलेला असायचो. आणि बायको कधी येते हे त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही.

गाडी मिस्त्रीकडं नेली तेव्हा त्यानं तुटलेला तुकडा हातात घेऊन माझ्यापुढं धरला. वरचा काळा रंग शाबूत होता. आतून नळी पापडासारखी झालेली. "आतून खाल्लं हे, सर. पाणी शिरते आन् आतच राह्यते. तुमी वरून लय जपली गाडी." त्यानं नवीन पायदान जोडलं. उरलेल्या नळ्यांत कशी पिचकारीनं तेल सोडायचं आणि तोंडाशी रबराची बुचं कशी बसवायची, ते मी बघून घेतलं. दर हिवाळ्याच्या तोंडाशी तेही करतो आता.

तो हिवाळा मग सरला कसा, हे सांगता येत नाही. याडी रिक्षातून तांड्यावर परत आली आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर बसलेली दिसली. हरभऱ्याला घाटे आले, आंब कमी झाली. मी शाळेतून निघालो की खोलीवर सरळ जायचो नाही. उगाच लांबच्या रस्त्यानं फिरायचो. तुरी कापून झालेल्या शेतांमधून रस्ता मोकळा पडलेला असायचा आणि संध्याकाळची थंडी छातीवर यायची. गाडी चालू असली की आपण कुठंतरी निघालो आहोत असं वाटतं. थांबली की वाटत नाही. फोन रोज व्हायचे. जेवण काय केलं, मैत्रीचं खोकणं, अप्पांचे डोळे. त्या एका विषयावर नाही. पळस फुलला, तांड्यावर एकेक दार उघडायला लागलं, आणि एका दुपारी उन्हानं करपलेला एक माणूस शाळेत येऊन माझ्या पायाशी वाकला. मी त्याला वरच्यावर धरलं. प्रकाशनं गुळाची ढेप आणली होती. ती त्यानं टेबलावर ठेवली. फळ्याकडं बघत उभा राहिला, आणि मीही.

झमकूयाडी पुढं आणखी काही हिवाळे पाहून गेली. तेव्हा प्रकाश जवळ होता. अप्पाही गेले, एका उन्हाळ्यात, झोपेत. त्यानंतर मी परत जाऊ शकलो असतो. पण परत जायचा विषय तोवर आमच्या दोघांच्याही बोलण्यात जुना झाला होता, जसं एखादं पाहुण्यांसाठी ठेवलेलं भांडं फळीवर मागं मागं सरकत जातं. मी दिवाळीला जातो, मे महिन्यात जातो. ती इकडं लग्नकार्यांना येते. नातेवाईक विचारतात, "तुमचं काही बिनसलं काय?" आम्ही दोघंही नाही म्हणतो आणि ते खरंच असतं. तिथं गेलो की पहिले दोन दिवस मी पाहुण्यासारखा बसतो. मला हवी असलेली चहाची गाळणी कुठल्या डब्यामागं आहे ते विचारावं लागतं. तिसऱ्या दिवशी सापडायला लागते, आणि मग निघायचे दिवस येतात.

आज गाडी पुसून चेनपर्यंत आलो होतो तेव्हा फोन वाजला. मैत्रीचा. ती आता कॉलेजला जाते आणि पुरी तिकडच्यासारखी बोलते. गावातल्या एका बाईंची जुनी स्कूटर तिनं घेतली आहे.

"बाबा, गाडयेक मीठ खाता ना. काय काय लावूचा ता सांग माका."

मी बनियन हँडलवर टाकली, हात पुसले आणि ऊन आलेल्या पायरीवर बसलो. सांगायला लागलो. पाणी गोडंच घ्यायचं. उन्हात उभी करून धुवायची नाही. चाकाच्या आतल्या बाजूनं, नंबरच्या पाटीच्या मागून, जिथं हात जात नाही तिथं जुना टूथब्रश. मध्येच वाटलं, पोरगी कंटाळली असेल. मी म्हटलं, "एवढं सगळं एकदम नको. आईला विचारलं असतं तर तिनंही सांगितलं असतं थोडंफार."

ती हसली. "आईक सगळा ठावक आसा. कालच तिना गाडी धुवन, तेलबिल लावन ठेवल्यान. पण माका म्हणाली, तरी पण बाबाक इचार."

गल्लीतली शेकोटी विझत आली होती. मी थोडा वेळ तिच्याकडं पाहत राहिलो. पलीकडं मैत्री "बाबा, आसंस मा?" म्हणत होती.

"आहे," म्हटलं. "ऐक. आता बॅटरीचं सांगतो. तिच्या दोन्ही टोकांना आधी कोरडं फडकं, आणि मग अगदी बोटाच्या टोकावर घेऊन, पातळसं व्हॅसलिन."